रंग सगळ्यात शेवटी बघा

शरद सरायला आला की ओळखीच्यांकडून एकच तक्रार ऐकू येते. परसातले रंगीत पक्षी कुठे गेले कोण जाणे, आता नुसते मातकट काहीतरी फांद्यांतून पळतंय, ओळखायचं कसं? मला विचाराल तर पक्षी ओळखायला शिकायचे हेच दिवस. आत्ता रंगाच्या भरवशावर राहता येत नाही, त्यामुळे पक्ष्याकडे नीट बघावंच लागतं.

जांभळा शिंजीर घ्या. विणीच्या दिवसांत उन्हात झळाळणारा नर कुणीही ओळखेल. वीण आटोपली की तो हा पोशाख उतरवतो. पाठ मातकट, पोट पिवळसर आणि गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध एक काळसर पट्टा, कुणी शाईचा ओघळ सोडल्यासारखा. मादीला हा पट्टा नसतो. नराच्या पंखाच्या वरच्या भागात थोडी निळी चकाकी उरलेली असते, तीही पक्षी उन्हात वळला तरच दिसते. लोक याला 'नवीन पक्षी' म्हणून फोटो टाकतात. अहो, चोच तीच आहे ना! तीच बाकदार चोच, तीच फुलापाशी चाललेली अस्वस्थ लगबग. अंगावरचं बदललं, वागणं नाही.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी पक्षी बसलाय कुठे, मग करतोय काय, मग चोच आणि शेपटी, आणि रंग सगळ्यात शेवटी.

शेपटीवरून किती कळतं याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे थिरथिरा आणि चीरक यांच्या माद्या. दोघी तपकिरी, दोघींना जमिनीलगत वावरायला आवडतं, दोघी कुंपणावर येऊन बसतात. पण चीरक शेपटी वर उभारतो आणि शेपटीखाली तांबूस रंग दिसतो. थिरथिरा शेपटी थरथरवतो, बसल्यावरही ती थांबत नाही. उडताना शेपटीच्या कडा नारिंगी चमकतात. शिवाय चीरक बारमाही, थिरथिरा हिवाळी पाहुणा. एकदा ही थरथर डोळ्यांत बसली की दुर्बिणीशिवायही हा पक्षी ओळखता येतो.

लालकंठी माशीमाराचं नाव ऐकून लोक लाल गळा शोधत बसतात. तो असतो फक्त मोठ्या नराला. मादीला नसतो, आणि पहिल्याच हिवाळ्यात आलेल्या तरुण नरालाही नसतो. म्हणजे दिसणारे बरेचसे लालकंठी लाल नसतातच! सावलीतल्या खालच्या फांदीवर बसून शेपटी झटकन वर करणारा, शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे डाग दाखवणारा आणि कोरडं 'टिर्रर्र' करणारा इवला पक्षी दिसला तर गळा बघायची गरजच नाही.

वटवट्ये, म्हणजे पानाझुडपांत वावरणारे, एकमेकांसारखे दिसणारे इवले पक्षी, मात्र खरी डोकेदुखी. हिरवट वटवट्या १० ग्रॅमही भरत नाही, आणि एवढासा जीव दरवर्षी उत्तरेकडून लांबचा प्रवास करून येतो. तो झाडाच्या शेंड्याकडच्या पानांत असतो, पंखावर एक पुसटशी फिकट रेघ, डोळ्यावर लांब भुवई. ब्लिथचा बोरू वटवट्या खाली झुडपात लपून 'चक... चक' करत राहतो आणि बाहेर यायचं नाव घेत नाही. बाकीच्यांची नावं मी बिनदिक्कत 'वटवट्या, जात माहीत नाही' अशी लिहून मोकळा होतो. यात कमीपणा कसला?

आता ॲपबद्दल. मर्लिन या पक्षी ओळखायच्या ॲपमध्ये २०२१ पासून आवाज ऐकून पक्षी सुचवण्याची सोय आहे. मीही वापरतो, झाडीत काय दडलंय याचा अंदाज येतो. पण 'सुचवणं' म्हणजे 'सिद्ध होणं' नव्हे. कोतवाल शिक्रा या शिकारी पक्ष्याच्या आवाजाची नक्कल करतो. मैना घाबरून उडाल्या की त्यांच्या तोंडचा घास पळवतो. मैना फसतात तिथे फोन फसणार नाही कशावरून? स्क्रीनवर शिक्रा आला आणि मान वर न करता तो यादीत चढला, असं करणाऱ्यांचा मला राग येतो, स्पष्टच सांगतो. असल्या नोंदी पुढे अभ्यासाला वापरल्या जातात.

ओळख विचारण्यासाठी फोटो टाकणाऱ्यांना एक विनंती. सुंदर दिसावा म्हणून फोटो कापताना शेपटी छाटू नका. अंधुक असला तरी अख्खा पक्षी हवा. आणि सोबत दोन ओळी लिहा: किती उंचीवर होता, एकटा होता की थव्यात, टुणटुणत होता की चालत होता. धोबी चालतो, शेपटी वरखाली हलवत. दयाळ उड्या मारतो. फोटोत दोघेही नुसते उभे दिसतात.

झाडाखालचा पालापाचोळा मात्र लगेच झाडून काढू नका. दयाळ, चीरक, सातभाई यांचं खाणं त्याच्याखालीच असतं, आणि जमिनीवर खाणारा पक्षी मोकळ्या डोळ्यांनी आरामात बघता येतो. वटवट्यांसाठी मान मोडून घेण्यापेक्षा नवख्यांनी सुरुवात तिथूनच करावी.