'पुढे ढकलणे' येतं, मग 'पुट ऑफ' का येऊ नये?

बेळगाव-खानापूरकडच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो चार वेळा आला. मजकूर थोडक्यात असा: 'गिव्ह अप', 'पुट ऑफ' असली फ्रेझल व्हर्ब, म्हणजे क्रियापदाला 'अप', 'ऑफ' असा छोटा शब्द जोडून होणारी क्रियापदं, हे रस्त्यावरचं इंग्रजी, शिकलेली माणसं 'पोस्टपोन', 'टॉलरेट' म्हणतात. मराठी-कन्नडात असला प्रकारच नाही, म्हणून आपल्या पोरांना ती जमत नाहीत. या क्रियापदांना नियम नसतो, तेव्हा १००० ची यादी पाठ करा. आणि जोडीतले शब्द कधीही तोडू नका. यादी विकत मिळते, त्यासाठी शेवटची ओळ: 'आजच साइन अप करा.'

म्हणजे रस्त्यावरच्या इंग्रजीशिवाय यांचंही दुकान उघडत नाही.

मी बेळगावात टिळकवाडीत इंग्रजीच्या शिकवण्या घेतो, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी 'रस्त्यावरचं' या शब्दाबद्दल. 'कॅरी आउट', 'सेट अप', 'टेक ओव्हर' हे शब्द कोर्टाच्या निकालांत आणि कंपन्यांच्या कागदपत्रांत रोज येतात. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर दरबारात फ्रेंच आणि लॅटिन शब्दांचा मान वाढला. 'पोस्टपोन' त्या लॅटिन गोतातला, 'पुट' आणि 'ऑफ' हे घरचे. आपल्याकडे 'स्थगित करणे' आणि 'पुढे ढकलणे' नांदतात, तसंच. परीक्षा पुढे ढकलली असं म्हणणारा अडाणी ठरतो का? एवढं मात्र खरं, की सरकारी अर्जात 'पुट अप विथ' (सहन करणे) लिहू नये, तिथे 'टॉलरेट' शोभतं.

'आपल्या भाषेत असला प्रकारच नाही' हे वाचून मात्र मी कपाळाला हात लावला. शाळेत संस्कृत घेतलेल्या कुणालाही विचारा: एका 'हृ' धातूला वेगवेगळे उपसर्ग लावले की आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार होतात. जेवणापासून मारामारीपर्यंत सगळं एका धातूत. संस्कृत राहू द्या, घरातलं बघा. 'घेणे' या साध्या क्रियापदाचं काय काय होतं: शब्द मागे घेणे, अंगावर घेणे, मनावर घेणे, हाती घेणे. 'धरणे' घ्या. मागणी उचलून धरणे आणि मागणी लावून धरणे यांतला फरक सीमाभागातल्या माणसाला शिकवावा लागत नाही. १९५६ पासून आपलं दोन्ही चालू आहे.

आणि बेळगावच्या पोराला तर हा खेळ दोन भाषांतून येतो. आई म्हणते, 'तो कुंदा खाऊन टाक.' शेजारची कन्नड काकू म्हणते, 'तिंदुबिडु.' मराठीत टाकायचं, कन्नडात सोडायचं, कारण 'बिडु' म्हणजे सोड. प्रत्यक्षात कुंदा कुणी टाकतही नाही नि सोडतही नाही. दोन्हींचा अर्थ एकच, संपव. इंग्रज तेच काम 'अप'कडून करून घेतो: 'ईट इट अप'. वर्गात हे तिन्ही एकाखाली एक फळ्यावर लिहिलं की मागच्या बाकावरून 'आँ?' येतो, आणि पुढची दहा उदाहरणं पोरंच देतात. अवघड फक्त आपल्याला जातं, हेही खोटं. इंग्रजी कोशकार सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत ही जोडक्रियापदं परक्यांना फार अवघड जातात, असं तेव्हाच नोंदवलंय. त्याचे परके काही खानापूरचे नव्हते.

नियम नाही, हे अर्धसत्य. 'अप'मध्ये पुष्कळदा संपण्याचा भाव असतो: 'यूज अप', 'ड्राय अप'. 'ऑफ'मध्ये तुटण्याचा: 'कट ऑफ', 'ब्रेक ऑफ'. 'ऑन'मध्ये चालू राहण्याचा: 'गो ऑन', 'कॅरी ऑन'. 'पुट अप विथ'चा अर्थ असा निघत नाही, ते वाक्यासकट लक्षात ठेवावं लागतं. पण सगळ्या हजारांसाठी घोकंपट्टी कशाला?

'शब्द तोडू नका' हा सल्ला तर सरळ चूक. 'पिक अप द बॅग' चालतं, 'पिक द बॅग अप'ही चालतं, पण बॅगेच्या जागी 'इट' आलं की तोडावंच लागतं: 'पिक इट अप'. 'पिक अप इट' म्हणाल तर चुकलात. उलट 'लुक आफ्टर' तुटत नाही, 'लुक आफ्टर हर' असंच म्हणायचं.

आपली खरी चूक कुठे होते, ते या मेसेजवाल्याला दिसलंच नाही. खानापूरच्या बसमध्ये कंडक्टर 'इळीरि, इळीरि' ओरडतो, आपण 'उतरा, उतरा' म्हणतो. दोन्ही भाषांत खाली येणं आहे, म्हणून इंग्रजीतही आपण सगळीकडून 'गेट डाउन' होतो. इंग्लंडमधला माणूस बसमधून, रेल्वेतून 'गेट ऑफ' करतो आणि कारमधून 'गेट आउट'. आपल्या देशात 'गेट डाउन' सगळ्यांना समजतं, त्यामुळे त्यावरून कुणाला हसू नये. मी स्वतः गेल्या आठवड्यात कंडक्टरला 'नेक्स्ट स्टॉप गेट डाउन' म्हणालो. मागच्या सीटवर माझीच विद्यार्थिनी बसली होती.