काठावरचं अंडं कमजोर नसतं

"न्यूझीलंडमधल्या काळ्या रॉबिनची मादी कमजोर अंडं बरोबर ओळखते आणि घरट्याच्या काठावर टाकून देते. आईला आतून कळतंच!" हा मजकूर परवा माझ्या बहिणीला आला. तिचा गर्भपात होऊन पंधरा दिवसही झाले नव्हते. पाठवणाऱ्या मावशीला धीरच द्यायचा असेल, पण बहिणीने मला विचारलं, "म्हणजे मीच नाकारलं का गं त्याला?" म्हणून लिहितेय.

ती मादी अंडं पारखत नाही की टाकतही नाही. काही माद्या अंडं घालतातच काठावर. तिथेच राहिलं तर त्यातून पिल्लू कधीच निघत नाही. न्यूझीलंडच्या चॅथम बेटांवर ही नामशेष व्हायला आलेली जात वाचवणाऱ्यांनी हीच अंडी उचलून घरट्यात सरकवली, आणि पिल्लं निघाली! मग कमजोर काय होतं? अंड्याची फक्त जागा चुकली होती.

संशोधक मेलानी मॅसारो आणि सहकाऱ्यांचा २०१३चा शोधनिबंध 'प्लॉस वन' या विज्ञान नियतकालिकात आहे. साऱ्या रॉबिनांची वंशावळ तपासून त्यांनी दाखवलं, की काठावर अंडं घालण्याची खोड आनुवंशिक आहे. अंडी वाचवली तशी खोडही पुढच्या पिढ्यांत उतरली. १९८९पर्यंत निम्म्याहून जास्त माद्या काठावर अंडी घालत होत्या. अंडी सरकवणं थांबलं, तसं हे प्रमाण झपाट्याने उतरलं. ज्याने वंशच खुंटतो, त्याला आईचं शहाणपण कसं म्हणायचं? आणि माझ्या बहिणीच्या पोटात काय झालं, याचा या पक्ष्याशी काडीचाही संबंध नाही.

त्याच मजकुरात पुढे आहे, की माणसाचा हात लागलेलं अंडं पक्षी उबवत नाही. वरची सरकवलेली अंडी कोणी उबवली मग?

शेवटी, "एका आईने डझनभर अंडी घालून जात वाचवली." यातलं अर्धं मान्य करावं लागेल. १९८०मध्ये जगात पाचच काळे रॉबिन उरले होते आणि वंश पुढे नेणारी मादी एकच, 'ओल्ड ब्लू'. आजचे सगळे तिचे आणि तिचा जोडीदार 'ओल्ड यलो'चे वंशज. पण ही जात एका विणीला साधारण दोनच अंडी घालते. रॉबिन वाचवण्याच्या कामाचे प्रमुख डॉन मर्टन आणि त्यांचे सहकारी ती अंडी काढून टॉमटिट पक्ष्यांच्या घरट्यांत ठेवत, म्हणून मादी पुन्हा अंडी घालायची.

बहिणीला हे सगळं शेजारी बसून वाचून दाखवलं. मावशीलाही पाठवतेय; तिने तो मजकूर जिथे जिथे धाडला, तिथे हेही धाडावं.