नितळ पाणी म्हणजे चांगलं पाणी नव्हे

इंदूरच्या मराठी घरांमधून सध्या एक सल्ला फिरतोय: बागेतल्या हौदाचा तळ दिसला की मासे सुखरूप, दर रविवारी हौद उपसा, फिल्टर नळाखाली घासा, ताजं नर्मदेचं पाणी भरा, तुरटी फिरवा, टेस्ट किटचे पैसे वाचवा. कृपा करून हे करू नका.

आधी नितळपणाचं बघू. माशांच्या कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या खाद्यातून अमोनिया सुटतो. त्याला रंग नसतो. त्यातला किती भाग विषारी, ते मुख्यतः पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कली आहे त्या आकड्यावर, ठरतं: 25 अंश तापमानात पीएच 7 ला जेमतेम अर्धा टक्का, 8 ला सुमारे 5, आणि 9 ला तब्बल 36 टक्के. दिवसभर शेवाळं कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पीएच चढतो. सकाळी निभावलेलं पाणी संध्याकाळी मारक होतं. म्हणून पीएच पहाटे आणि दुपारी चारनंतर, असा दोनदा मोजा. अमोनियासाठी किट थेंबांचंच घ्या. पट्ट्यांवर बहुधा अमोनिया नसतोच. नळी हौदाच्याच पाण्याने विसळा, किटवर लिहिलेली मिनिटं थांबा, रंग दिवसाउजेडी पांढऱ्या कागदापुढे धरून बघा. पिवळ्याचा हिरवट झाला की खाद्य बंद आणि थोडं पाणी बदला.

फिल्टरच्या स्पंजवर अमोनिया पचवणारे जीवाणू नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाखाली घासलात की क्लोरीनने ते मरतात. स्पंज हौदातूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलका पिळा, तेवढं बास.

हौद उपसायचीही गरज नाही, आठवड्याला दहा टक्के पाणी बदला. 2 × 1.5 × 0.6 मीटरच्या हौदात 1800 लिटर मावतं, म्हणजे 180 लिटर. नदीकाठच्या जलूद गावाहून येणारं नर्मदेचं पाणी नळाला क्लोरीन घालूनच येतं. ते ड्रममध्ये एअर पंप लावून 24 तास ठेवा. घाई असेल तर 180 लिटरला 2 ग्रॅम सोडियम थायोसल्फेट, हे क्लोरीन मारणारं रसायन.

तुरटी गाळ बसवते खरी, पण क्षारता, म्हणजे पाण्याची पीएच सावरून धरायची ताकद, खाते. क्षारता लिटरमागे 70 मिलिग्रॅमखाली गेली की पीएच एका रात्रीत कोसळू शकतो. पावसाळ्यात तर हमखास लक्ष ठेवा. 1800 लिटरला 54 ग्रॅम खायचा सोडा ती सुमारे 18 मिलिग्रॅमने वाढवतो. बादलीत विरघळवून घाला, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. मात्र किटवर अमोनिया दिसत असेल तर आधी पाणी बदला, सोडा नंतर, कारण सोड्यानेही पीएच चढतो.