पाटल्या गहाण ठेवून फुल-फ्रेम घेऊ नका

कांदा-लसूण चटणीचा घरगुती उद्योग करणाऱ्या एका ताईंचा मध्यंतरी फोन आला. विकायला ऑनलाइन जायचं ठरलंय, फोटो चांगले हवेत. "पाटल्या गहाण ठेवल्या तर कॅमेऱ्याचे पैसे उभे राहतात. ठेवू का?" मी विचारलं, एवढा महाग कॅमेरा कुणी सांगितला? त्यांनी एक मेसेज पुढे पाठवला. तो मला त्याआधीही तीन-चार ग्रुपवरून आला होता:

"स्टुडिओत प्रॉडक्टचे फोटो काढायचे तर फुल-फ्रेम मिररलेसच घ्या. मेगापिक्सेल ४० च्या वर हवेत. लेन्स एफ/१.४ ची. रंग महागड्या कॅमेऱ्याचेच खरे येतात. जुना डीएसएलआर म्हणजे पैसे पाण्यात. एवढं परवडत नसेल तर सरळ मोबाईल वापरा, मधलं काही घेऊ नका."

मी कोल्हापुरात एका खोलीच्या स्टुडिओत हेच काम करते: हुपरीची चांदी, चपला, चटण्या-लोणच्यांच्या बरण्या, कापड. या मेसेजमुळे लहान उद्योगातल्या बायका कर्जात पडणार असतील तर गप्प बसणं मला पटत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिला, फुल-फ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा मोठा सेन्सर (कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारी चिप). मोठ्या सेन्सरचा फायदा खरा आहे, पण तो अंधारात. लग्नाच्या हॉलमध्ये, नाटकात, संध्याकाळी रस्त्यावर आयएसओ, म्हणजे प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, ३२०० किंवा ६४०० वर न्यावी लागते, तिथे लहान सेन्सरच्या फोटोत दाणे येतात. स्टुडिओत आपण कितीवर काढतो? आयएसओ १०० वर. बरणी हलत नाही, कॅमेरा ट्रायपॉडवर आणि प्रकाश आपल्या हातात. आयएसओ १०० वर चांगल्या उजेडात काढलेला एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमहून लहान, सेन्सरचा फोटो आणि फुल-फ्रेमचा फोटो शेजारी ठेवले तर स्क्रीनवर कुठला कुठला हे गिऱ्हाइकाला ओळखता येत नाही. मलाही येत नाही.

उलट इथे मोठा सेन्सर थोडा अडचणीचाच ठरतो. प्रॉडक्टच्या फोटोत पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत सगळं स्पष्ट दिसायला हवं. ॲपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र; एफचा आकडा मोठा तेवढं ते लहान आणि पुढून मागे स्पष्ट दिसणारी खोली जास्त. एपीएस-सीवर एफ/८ ला जेवढी खोली मिळते, तेवढी फुल-फ्रेमवर त्याच चौकटीत मिळवायची तर ॲपर्चर एफ/१२ च्या आसपास बंद करावं लागतं. म्हणजे त्याच आयएसओवर फ्लॅशचा प्रकाश दुपटीहून जास्त लागणार. कॅमेऱ्यालाही जास्त पैसे मोजायचे आणि दिव्यांनाही. हे गणित त्या मेसेजमध्ये कुणी मांडलेलं नाही.

मेगापिक्सेलचा हिशेब तर सरळ आहे. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो. चौकोनी कापला तरी ४००० बाय ४००० उरतो. ॲमेझॉनवर फोटो मोठा करून बघण्याची सोय चालू व्हायला लांब बाजू १००० पिक्सेलची पुरते. छापायचं म्हटलं तर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ए-४ पानभर फोटोला पावणेनऊ मेगापिक्सेल लागतात, ए-३ ला साडेसतरा. निकॉनचा डी३२०० हा अगदी सुरुवातीच्या पातळीचा कॅमेरा २०१२ साली २४ मेगापिक्सेलचा होता. म्हणजे चटणीच्या बरणीला पुरतील एवढे मेगापिक्सेल केव्हाच स्वस्त झालेत.

कापडाचे फोटो काढणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगते. बारीक विणीवर कधीकधी फोटोत इंद्रधनुषी लाटा उमटतात, त्याला मोआरे म्हणतात. विणीची जाळी आणि सेन्सरची जाळी एकमेकांवर आली की ते होतं. जुन्या बऱ्याच कॅमेऱ्यांत सेन्सरपुढे एक फिल्टर असायचा, तो बारीक तपशील किंचित मऊ करून हे टाळायचा. जास्त धारदार फोटो मिळावा म्हणून पुढे अनेक मॉडेलांतून तो काढला. निकॉनच्या २०१३ च्या डी७१०० मध्येच तो नाही. साड्या विकणाऱ्या बाईला फिल्टरवाला जुना सेन्सर कधीकधी जास्त सोयीचा पडतो.

आता लेन्स. एफ/१.४ ची लेन्स महाग असते ती ॲपर्चर एवढं मोठं उघडता येतं म्हणून. आपण ते उघडणारच नाही. माझे जवळजवळ सगळे फोटो एफ/८ ते एफ/११ मध्ये असतात. एफ/१.४ ला पैंजणाचा एक घुंगरू स्पष्ट येईल आणि शेजारचा विरघळून जाईल. एफ/१६ च्या पुढे गेलं की विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) सगळाच फोटो किंचित मऊ पडायला लागतो, म्हणून तिकडेही जायचं नाही. मधल्या या पट्ट्यात कॅमेऱ्याबरोबर येणारी साधी १८-५५ ची किट लेन्ससुद्धा नीट काम करते.

किट लेन्सला लोक उगीच नावं ठेवतात आणि "निदान ५० एमएम एफ/१.८ तरी घ्या" असा सल्ला देतात. कॅननची ५० एमएम एफ/१.८ एसटीएम ३५ सेंटिमीटरपेक्षा जवळ फोकस होत नाही आणि वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराच्या ०.२१ पट उमटवते. कॅननचीच १८-५५ आयएस एसटीएम २५ सेंटिमीटरपर्यंत जाते आणि ०.३६ पट देते. लहान वस्तूंना किट लेन्सच जास्त जवळ नेते. तिने साधारण सहा सेंटिमीटर रुंदीची वस्तू चौकट भरून येते. चटणीची बरणी, साबण, चपलेचा अंगठा, सगळं यात बसलं.

नथ आणि अंगठी मात्र बसत नाही. दागिने हाच धंदा असेल तर पैसे मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायच्या) लेन्समध्ये घाला, तिथे काटकसर करू नका. निकॉनची ४० एमएम एफ/२.८ किंवा कॅननची ईएफ-एस ६० एमएम एफ/२.८ या एपीएस-सीसाठीच्या मॅक्रो लेन्स वस्तू खऱ्या आकारात सेन्सरवर उतरवतात. त्याहून स्वस्त वाट एक्स्टेन्शन ट्यूबची, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्यामध्ये लावायच्या पोकळ नळ्यांची, पण विजेच्या जोडणीचे ठिपके असलेल्याच घ्या. बिनठिपक्यांची पोकळ नळी कॅननच्या लेन्सला लावली की ॲपर्चर बॉडीवरून बदलता येत नाही, ते पूर्ण उघडंच राहतं.

"रंग महागड्या कॅमेऱ्याचेच खरे." या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण याच समजुतीपायी माझं नुकसान झालेलं आहे. सुरुवातीच्या दिवसांत मी स्वस्त एलईडी पॅनेलखाली कुंकवाच्या रंगाच्या साड्या काढल्या. फोटोत त्या विटकरी आल्या. मी कॅमेऱ्याला दोष दिला, उधारीवर दुसरा आणला, त्यातही विटकरीच. दिव्याच्या डब्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वर छापलेला होता. तो आकडा आठ फिक्या रंगांवरून काढलेली सरासरी असतो. गडद लाल त्या आठांत नसतोच, तो आर-९ या नावाने वेगळा मोजतात. ज्या उजेडात गडद लाल कमी आहे, तो कुठलाही सेन्सर कुठून आणणार? फ्लॅशच्या झेनॉन नळीतून सगळे रंग सलग बाहेर पडतात, म्हणून साधा हातातला फ्लॅशसुद्धा कुंकू कुंकवासारखं दाखवतो.

रंग बिघडण्याचं दुसरं कारण घरोघरी असतं: खिडकीतून निळसर उजेड, वर ट्यूबलाइट, कोपऱ्यात पिवळा बल्ब. तीन उजेड एका बरणीवर पडले की कुठलाच व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंग जुळवणारी सेटिंग) तिन्ही बरोबर करू शकत नाही. पडदा ओढा, दिवे घालवा, एकाच जातीचा प्रकाश ठेवा. पहिल्या फोटोत वस्तूशेजारी ग्रे कार्ड (ठरावीक करड्या रंगाचं कार्ड) धरा, रॉमध्ये (कॅमेऱ्याने न बदललेल्या कच्च्या फाइलमध्ये) काढा आणि त्या कार्डावरून सगळ्या फोटोंचा रंग एकदमच ठरवा. याला कुठलाही कॅमेरा चालतो.

चांदीचं तर विचारूच नका. चकचकीत चांदीला स्वतःचा असा रंग फारसा दिसतच नाही, तिच्यात आजूबाजूची खोली दिसते. छत, भिंत, माझा पदर, कॅमेऱ्याचं काळं तोंड. हुपरीचे पैंजण काढताना मी तिन्ही बाजूंनी ट्रेसिंग पेपर ताणते, फ्लॅश त्याच्या मागून टाकते आणि कडा उठून दिसाव्यात म्हणून काळ्या कार्डशीटच्या बोटभर पट्ट्या जवळ उभ्या करते. पट्टी एक इंच सरकली तरी पैंजण वेगळाच दिसतो. पैंजणाचा फोटो घडतो तो या कागदांत. सामान स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. लाखाचा कॅमेरा घेऊन तो ट्यूबलाइटखाली धरलात तर चांदी शिशासारखी करडी येईल.

आता जुन्या डीएसएलआरबद्दल, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याबद्दल; मिररलेसमध्ये तो आरसा नसतो. नवे शोध मिररलेसमध्ये होतायत हे खरं, पण ते कसले आहेत बघा: डोळ्यावर आपोआप फोकस, सेकंदाला वीस-तीस फोटो, पळत्या माणसाचा पाठलाग. बरणीला डोळे नाहीत. मिररलेसचा उपयोगी गुण म्हणजे फोटो आधीच स्क्रीनवर दिसतो. पण फ्लॅशवर काम करताना तीच सोय बंद करावी लागते, नाहीतर स्क्रीन काळीकुट्ट होते. फोकससाठी डीएसएलआरच्या लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर आधीच दिसणाऱ्या दृश्यात) चित्र मोठं करून हाताने फिरवलं की पुरतं. कॅननची ईएफ माउंट (लेन्स बसवायची जोडणी) १९८७ पासूनची आणि निकॉनची एफ माउंट १९५९ पासूनची, त्यामुळे सेकंड-हँड बाजारात लेन्सचा तुटवडा नाही. उद्या कॅननची मिररलेस घेतलीत तर ईएफ लेन्स ॲडॅप्टरने त्यावरही चालते.

जुन्या कॅमेऱ्याचं शटर (फोटो काढताना उघड-मिट होणारा पडदा) लवकर जाईल अशी भीती घालतात. सुरुवातीच्या पातळीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांचं शटर एक लाख फोटोंसाठी तपासलेलं असतं. महिन्याला शंभर वस्तू, प्रत्येकीचे दहा फोटो धरले तर वर्षाला बारा हजार होतात. वीस हजार वापरलेला कॅमेरा आणलात तरी साडेसहा वर्षं हिशेबाने निघतात.

जुन्या-नव्याच्या वादात जी गोष्ट खरोखर बघायची ती राहून जाते: कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा हॉटशू, म्हणजे फ्लॅश बसवायची खाच. तिथे मधोमध एक गोल ठिपका असतो, त्यातून कुठल्याही कंपनीचा ट्रिगर (दूर ठेवलेल्या फ्लॅशला इशारा देणारं यंत्र) फ्लॅश उडवतो. कॅननने १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ या स्वस्त मॉडेलांतून तो ठिपका काढून टाकला. तिथे साधा ट्रिगर लावला तर फ्लॅश उडतच नाही. एका दुकानदाराने माझ्या ओळखीतल्या मुलीला "नवा आहे, वॉरंटी आहे" म्हणून यातलाच एक दिला आणि तिचा ट्रिगर, दोन फ्लॅश महिनाभर कपाटात पडून राहिले. त्याआधीच्या ७००डी किंवा पहिल्या २००डीला तो ठिपका आहे. यांचे फोटो तारेने थेट लॅपटॉपवर घेता येतात, त्यासाठीचं ईओएस युटिलिटी कॅनन फुकट देते. मोठ्या पडद्यावर बरणीवरचा धुळीचा कण लगेच दिसतो, नंतरची तासभराची पुसापुशी वाचते.

राहिला मोबाईल. रील्सला, आठवड्याच्या पोस्टला तो उत्तम. पण त्याची मुख्य लेन्स वाइड असते. बरणी चौकटीत भरायला जवळ गेलात की झाकण मोठं आणि बूड निमुळतं येतं. दुप्पट झूम करून मागे सरका, फरक दिसेल. दुसरं, तो प्रत्येक फोटो स्वतःच्या मनाने उजळतो, त्यामुळे साठ वस्तूंच्या कॅटलॉगमध्ये पांढरा रंग साठ तऱ्हांचा येतो. आणि स्टुडिओचा फ्लॅश त्याला सहसा जोडता येत नाही. "मधलं काही घेऊ नका" म्हणणाऱ्यांनी ज्या मधल्या जागेवर काट मारली, तिथेच लहान उद्योगांचं काम होतं.

कुणाला महाग कॅमेरा लागतो? मोठ्या जाहिरात कंपन्यांसाठी काम करणाऱ्यांना, ज्यांच्या फोटोचा एक तुकडा कापून त्याचं पोस्टर होणार असतं त्यांना. त्यांनी जरूर घ्यावा.

ताईंना मी शंभर रुपयांची विभागणी सांगितली: चाळीस बॉडी आणि लेन्सला, पस्तीस दोन फ्लॅश, ट्रिगर आणि फ्लॅशचा उजेड पसरवणाऱ्या छत्रीला, पंधरा न हलणाऱ्या ट्रायपॉडला, दहा कागद, थर्माकोल आणि ग्रे कार्डाला. सेकंड-हँड बघायला जाताना स्वतःचा ट्रिगर सोबत न्यायचा आणि तिथेच उडवून बघायचा. एफ/१६ ला पांढऱ्या कागदाचा फोटो काढायचा, म्हणजे सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांनी दिसते. लेन्स खिडकीकडे धरून आत बुरशीचे धागे आहेत का ते पाहायचं. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे फार होतं.

त्यांनी ७००डी घेतला. पहिलं शूट आम्ही त्यांच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर केलं. बरणीच्या काचेवर छत्रीचा गोल दिसत होता, तो ट्रेसिंग पेपर लावून उभ्या पट्टीत आणायला पाऊण तास गेला. पाटल्या त्यांच्या हातातच होत्या. त्यांचंही प्रतिबिंब काचेत पडत होतं, तेव्हा शेवटी त्या काढून ओट्याच्या कडेला ठेवाव्या लागल्या.