‘आधी प्लग बदला, मग कॉइल बदला’: जुन्या गाडीच्या मिसिंगवरचा हा सल्ला का फसतो

जुनी गाडी मिसिंग करायला लागली, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनमधून पेटेनासा झाला, चढावर पिकअप सोडायला लागली की एक ठरावीक मेसेज हमखास पुढे पाठवला जातो. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच असतो: ‘चारही प्लग बदला. गेलं नाही तर कॉइल बदला. टाकीत इंजेक्टर क्लीनरची बाटली ओता. बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ईसीयू रिसेट करा. स्कॅनर जो सेन्सर दाखवेल तो बदला. एवढं करूनही फरक नाही तर इंजिन संपलं समजा आणि गाडी काढून टाका.’

मी बरीच वर्षं जुन्या पेट्रोल गाड्यांवर काम करतो. हा क्रम पाळून आलेली गाडी समोर उभी राहिली की वाईट वाटतं. सुटे भाग सगळे कोरे, पावत्यांचा गठ्ठा डॅशबोर्डवर, आणि इंजिन अजून थरथरतंय. बिघाड बहुतेक वेळा साधाच असतो, पण तो सापडावा अशा खुणा या सल्ल्यानेच पुसून टाकलेल्या असतात. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

‘बॅटरीची वायर काढून ईसीयू रिसेट करा’

सुरुवात इथूनच करतो, कारण सगळ्यात आधी नुकसान इथे होतं. ईसीयू म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक. बिघाडाचा कोड साठवताना तो त्या क्षणाची नोंदही ठेवतो: आरपीएम किती होते, कूलंट किती गरम होतं, इंजिनवर लोड किती होता, गाडीचा वेग किती होता. याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. मिसिंग थंड इंजिनवर आयडलला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसतं चालू असताना झालं की गरम इंजिनवर चढ चढताना, हे त्यात दिसतं, आणि तपासाची अर्धी दिशा तिथेच ठरते. वायर काढली की बहुतेक गाड्यांत ही नोंद पुसली जाते.

दुसरी अडचण जास्त फसवी आहे. ईसीयूने शिकलेली इंधनाची दुरुस्ती, म्हणजे फ्युएल ट्रिम, हीसुद्धा शून्यावर येते. त्यामुळे काही किलोमीटर गाडी बरी चालल्यासारखी वाटू शकते आणि मालकाला वाटतं, गेलं एकदाचं. आधी कोड आणि फ्रीझ फ्रेम कागदावर उतरवा. कोड पुसायचा तो दुरुस्तीनंतर, तो परत येतो का ते बघण्यासाठी.

‘चारही प्लग बदला’

प्लग झिजतात, ते बदलावे लागतात, याबद्दल वाद नाही. साधे निकेलचे प्लग साधारण ३० ते ४० हजार किलोमीटरला बदलावे लागतात, इरिडियमचे लाखाच्या आसपास जातात. माझी तक्रार जुने प्लग न बघता फेकण्याला आहे. इंजिनच्या आत काय चाललंय ते बाहेर येऊन सांगणारी ती पहिली वस्तू आहे.

काढताना सिलिंडरच्या क्रमाने कापडावर मांडा: एक, दोन, तीन, चार. मग उजेडात बघा. चारही सारखे काळे असतील तर सगळ्यांना मिळून जास्त पेट्रोल जातंय. चारही सारखे पांढरे फटक असतील तर पेट्रोल कमी पडत असेल किंवा हवा जास्त शिरत असेल. तीन फिकट तपकिरी आणि एकच वेगळा असेल तर शोध त्या एका सिलिंडरपुरता उरतो. तो एक तेलकट ओला असेल तर पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्ह सील बघा. तो एकच धुतल्यासारखा स्वच्छ असेल आणि कूलंटही कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्या मधल्या सीलचा संशय घ्या.

पोर्सेलीनच्या पांढऱ्या भागावर पेन्सिलने ओढावी तशी बारीक काळी रेघ दिसली तर ठिणगी टोकापर्यंत न जाता बाहेरून पळतेय. ही रेघ नीट बघा, कारण तशीच जळकी वाट कॉइलच्या (प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणाऱ्या भागाच्या) रबरी बूटच्या, म्हणजे प्लगवर बसणाऱ्या टोपीच्या आतही असते. फक्त प्लग बदलला तर तो बूट नव्या प्लगलाही खराब करतो. नवे प्लग बसवतानाही फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पट्टी लावा. गॅप बहुधा ०.८ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो, तरी आपल्या इंजिनचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्यायचा.

‘गेलं नाही तर कॉइल बदला’

कॉइल खराब आहे की नाही हे नवी न घेता कळतं. समजा कोड पी०३०३ आहे, म्हणजे तिसरा सिलिंडर मिसिंग करतोय. तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर लावा, कोड पुसा, गाडी चालवा. आता पी०३०१ आला तर कॉइलच गुन्हेगार. पुन्हा पी०३०३ च आला तर कॉइल निर्दोष, मग प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टरची. एका वेळी एकच वस्तू हलवायची. प्लग आणि कॉइल एकदम हलवले तर गाडी सुधारली तरी कशामुळे ते कळत नाही.

ही परीक्षा आयडलवर उरकू नका. चढावर किंवा जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि त्या दाबात ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. अशक्त कॉइल उभ्या गाडीत गुण्यागोविंदाने चालते आणि वरच्या गिअरमध्ये चढावर कोलमडते. ‘गॅरेजमध्ये ठीक होती, रस्त्यावर बिघडली’ असं मालक सांगतो तेव्हा तो खरंच सांगत असतो.

काही जुन्या इंजिनांत दोन सिलिंडरना मिळून एक कॉइल असते, बहुधा पहिल्या-चौथ्याला एक आणि दुसऱ्या-तिसऱ्याला एक. पहिला आणि चौथा एकत्र मिसिंग करत असतील तर संशय कॉइलवर जातो. दुसरा आणि तिसरा एकत्र असतील तर घाई नको. ते शेजारी आहेत, त्यांच्या मधली हेड गॅस्केटही उडालेली असू शकते. तिथे निकाल सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज देतो.

‘टाकीत क्लीनर ओता’

यात थोडं तथ्य आहे. चांगल्या क्लीनरमधलं पॉलिइथरअमाइन इंजेक्टरवरचा थर खरोखर काढतं. पण चिरलेला रबरी पाइप त्याने सांधत नाही, दमलेल्या फ्युएल पंपाचा दाब वाढत नाही. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात तर पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्व्हवरून वाहतच नाही. तिथल्या व्हॉल्व्हवर साचलेला कार्बन टाकीत ओतलेल्या बाटलीने निघणार नाही.

पिकअप गेला असेल तर पुरेसं पेट्रोल पोचतंय का, हे प्रेशर गेज लावून बघा. पोर्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या आधी सोडणाऱ्या) बऱ्याच गाड्यांत दाब ३ ते ४ बार असतो. तो आयडलला बरोबर दिसला तरी थांबू नका, लोड आल्यावर टिकतो का ते बघा. तुंबलेला फिल्टर आणि थकलेला पंप तिथेच उघडे पडतात.

‘स्कॅनर जो सेन्सर दाखवेल तो बदला’

संपूर्ण मेसेजमधलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच. स्कॅनर भागाचं नाव सांगत नाही, लक्षण सांगतो. मिसिंग ईसीयूला कसं कळतं तेच बघा. क्रँकशाफ्टच्या फिरण्याचा वेग तो सतत मोजतो. एखाद्या सिलिंडरच्या पाळीला धक्का कमी बसला की वेग क्षणभर मंदावतो, त्यावरून तो सिलिंडरचा नंबर ओळखतो. धक्का का बसला नाही, ठिणगी नव्हती, पेट्रोल नव्हतं की कॉम्प्रेशन नव्हतं, हे त्याला माहीत नसतं.

ऑक्सिजन सेन्सरचं दुर्दैव याहून मोठं. सिलिंडर पेटला नाही की त्यातला ऑक्सिजन न वापरता सायलेन्सरच्या वाटेने बाहेर पडतो. सेन्सर तो मोजतो आणि मिश्रण पातळ असल्याचं कळवतो. त्यावर ईसीयू पेट्रोल वाढवतो आणि पी०१७१ हा पातळ मिश्रणाचा कोड येऊ शकतो. मग बातमी देणारा सेन्सरच बदलला जातो. नवा सेन्सर बसवला तरी तोही तेच सांगणार.

त्यापेक्षा स्कॅनरवर फ्युएल ट्रिमचे आकडे बघा, एकदा आयडलला आणि एकदा २,५०० आरपीएमवर. सुदृढ इंजिनात ते शून्याच्या आसपास, पाच-सात टक्के इकडेतिकडे असतात. आयडलला आकडा अधिक २० (म्हणजे ईसीयू तेवढे टक्के जादा पेट्रोल देतोय) आणि आरपीएम वाढवल्यावर अधिक ४ झाला, तर कुठूनतरी चोरटी हवा शिरतेय. भोक तेवढंच राहतं, पण आयडलला इंजिन मुळात थोडीच हवा घेत असल्याने तिथे त्याचा परिणाम मोठा होतो. इनटेकच्या मागचा रबरी पाइप वाकवून त्याच्या घड्या बघा, चीर पुष्कळदा खालच्या बाजूला असते. उलट आयडलला आकडा ठीक आणि लोडवर चढत गेला, तर पंप, फिल्टर किंवा आत येणारी हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर मळलाय का ते तपासा.

मिसिंग अजिबात नाही, फक्त ताकद गेली, अशा गाड्यांबद्दल मेसेज गप्प आहे. त्यांच्यात तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा भाग, बरेचदा सापडतो. इनटेकमधली ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज समुद्रसपाटीला निरोगी इंजिनात आयडलला १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतो आणि काटा स्थिर असतो. २,५०० आरपीएमवर धरून ठेवल्यावर काटा हळूहळू खाली घसरत गेला तर धुराची वाट अडली आहे. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असताना गाडी दामटली की हेच ओढवतं. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. दिवा स्थिर असेल तर जपून घरी जाता येतं. लुकलुकत असेल तर ॲक्सिलरेटर सोडा आणि गाडी बाजूला घ्या.

‘तरीही फरक नाही तर इंजिन संपलं’

एक गाडी सांगतो. १७ वर्षं जुनी, चार नवे प्लग, चार नव्या कॉइल, नवा ऑक्सिजन सेन्सर, आणि पी०३०३ जागच्या जागी. थंड असताना गाडी बरी, गरम झाल्यावर आयडलला हादरे. मालकाला ‘इंजिन गेलं’ असं सांगून झालं होतं, आणि त्यांनी ते मनाने स्वीकारलंही होतं.

इंजिन गरम केलं, चारही प्लग काढले, इग्निशन आणि पेट्रोल बंद केलं, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून कॉम्प्रेशन गेज लावला. १६८, १६५, ११२, १७० पीएसआय. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांखाली गेला की तिथे गडबड आहे असं धरतात. मग तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा गेज लावला. रिंग झिजल्या असत्या तर ऑइलने फट बुजून आकडा बराच वर गेला असता. तो ११६ वर थांबला, म्हणजे रिंग सुटल्या. पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून हवेचा दाब सोडला आणि सायलेन्सरच्या तोंडाशी कान नेला. तिथे बारीक फुस्स ऐकू आलं. तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नव्हता.

वरचं कव्हर उघडून टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या वर सोडलेली फट तपासली. बाकीच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हना पुरेशी फट होती. तिसऱ्याच्या एकात ०.०५ मिलिमीटरची पातळ पट्टीसुद्धा शिरली नाही. वर्षानुवर्षं आपटून व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत खोल रुततो, वरची फट कमी होत जाते, आणि गरम झाल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबली की तो पूर्ण मिटत नाही. थंड गाडी बरी आणि गरम गाडी आजारी, याचं कारण तेच. व्हॉल्व्ह अजून जळला नव्हता, हे नशीब. तशीच आणखी काही महिने चालवली असती तर हेड उतरवावंच लागलं असतं.

योग्य जाडीचा शिम, म्हणजे पातळ चकती घालून फट मॅन्युअलप्रमाणे केली आणि कव्हर बसवलं. इंजिन पुन्हा गरम करून तिसऱ्यावर गेज लावला. काटा १६२ वर गेला.