काकू, कुंडीत बर्फ नको

पावसाळा लागला की व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘हिमालयातलं दुर्मीळ ब्रह्मकमळ आता घरच्या कुंडीत! बारा वर्षांतून एकदाच, मध्यरात्री फुलतं. एक पान खोचा, रोज बर्फाचे खडे घाला.’ यंदा शेजारच्या काकूंनी खरंच बर्फ घालायला सुरुवात केली, म्हणून हे लिहितोय.

आधी हिमालयाचं. आपल्या गॅलरीत असतं ते निवडुंगाच्या कुळातलं, मूळचं मेक्सिको-ग्वाटेमालाकडचं. तिथल्या जंगलात ते मोठ्या झाडांच्या फांद्यांवर वाढतं. खरं ब्रह्मकमळ, म्हणजे उत्तराखंडचं राज्यफूल, शेवंती-सूर्यफुलाचं भाऊबंद. साधारण ३,००० ते ४,८०० मीटरवर उगवतं. आपलं कळसूबाई भरतं १,६४६ मीटर! हेमकुंड साहिबच्या बाजूला जुलै ते सप्टेंबर दिसतं. फोटोत पाकळ्या वाटतात त्या पाकळ्या नव्हेतच, कागदासारख्या पातळ, पिवळसर पानांचं ते वेष्टण. खरी फुलं आत, बारीक, जांभळी, दाटीवाटीनं बसलेली. वेष्टण त्यांना थंडी-पावसापासून जपतं. हिवाळाभर रोप बर्फाखाली निजून असतं. पुण्याच्या मे महिन्यात ते कुंडीत काय तगणार? (कमळाशी तर दोघांचंही नातं नाही.)

बारा वर्षं? माझ्याकडे गेल्या पावसाळ्यातच तीनदा फुललं.

रात्रीचं मात्र खरं, पण ते या मेक्सिकोवाल्याचं. लोंबणारी कळी फुलायच्या आधी मान वर उचलते. त्या संध्याकाळी खुर्ची टाकून बसा. साडेआठ-नऊला टोक सैल होतं, पाकळ्या हलताना डोळ्यांना दिसतात आणि वास जिन्यापर्यंत जातो. हा सगळा थाट रात्री उडणाऱ्या पतंगांसाठी. उजाडेपर्यंत फूल मान टाकतं.

‘पान’ म्हणतात ते चपटं खोड आहे, म्हणून तर कळी त्याच्या कडेच्या खाचेतून निघते. तुकडा कापल्यावर दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या, मग भुसभुशीत मातीत खोचा. थेट ऊन नको, कुंडी लहानच बरी.

आणि बर्फ? उष्ण जंगलातल्या झाडाच्या मुळांना गारठा कशाला? वर वितळलेलं पाणी साचतंच. काकूंच्या कुंडीतलं खोड बुडाशी पिवळं, मऊ पडलं होतं. वरचा धड तुकडा कापून मी आमच्या गॅलरीत वर्तमानपत्रावर ठेवलाय, रविवारी लावू. अस्सल हिमालयातलं रोप कुणी विकायला आलं तर मात्र घेऊ नका. देवळांसाठी खुडून खुडून तिथे ते आधीच कमी झालंय.