प्रतिक्रियेला उत्तर : सोलरच्या प्लेटांना दगडवाला मास्तर कशाला?

नमस्कार सर,

तुम्ही खाली 'एक सीएचबीवाला', म्हणजे तासिकेच्या हिशेबानं मानधन घेणारा, एवढीच सही केली आहे, म्हणून सरच म्हणतो. मागच्या आठवड्यात मी लिहिलं होतं की कोल्हापूर भागात भूविज्ञानाची एक नवी सहायक प्राध्यापकाची जागा निघावी, आणि तिथं ऊर्जेच्या स्थित्यंतरावर, म्हणजे कोळशाकडून सूर्य-वाऱ्याकडे जाण्यावर, संशोधन करणारा, तेच वर्गात शिकवणारा तरुण माणूस घ्यावा. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आहेत त्या जागा भरत नाहीत, तासिकेवर माणसं राबवतात आणि तुम्ही नवी फॅन्सी जागा मागताय. ऊर्जा हा इलेक्ट्रिकलवाल्यांचा विषय, सोलरच्या प्लेटांना दगडवाला मास्तर कशाला? घ्यायचाच तर मोठ्या नावाचा घ्या, नवख्या पोराला घेऊन काय होणार? आणि जाता जाता टोमणा: 'जागा निघाली तरी माणूस आधीच ठरलेला असतो.'

पहिल्या मुद्द्यावर मी भांडणार नाही. मीही सहा वर्षं तासिकेवर काढली आहेत. एका कॉलेजात, नाव नको, सकाळी प्रॅक्टिकल, दुपारी दुसऱ्या गावच्या कॉलेजात लेक्चर. मानधन वर्षाच्या शेवटी एकदम यायचं आणि एका वर्षी तर पुढच्या दिवाळीला आलं. दुकानदार वहीत नाव लिहून घ्यायचा, तोंडानं काही बोलायचा नाही, ते जास्त लागायचं. तेव्हा तुमचा राग कुठून येतो हे मला समजावून सांगायची गरज नाही.

पण म्हणूनच तर मी कायम जागा मागतोय. तासिकेवरचा माणूस उत्तम शिकवू शकतो. त्याला संशोधनासाठी खडकात बोअर मारता येत नाही. म्हणजे कुवत नसते असं नाही. संशोधनाचं अनुदान मागायला अर्जावर संस्थेचा शिक्का लागतो, तीन वर्षांनी हा माणूस इथंच असेल याची हमी लागते, आणि ती हमी तासिकेच्या ऑर्डरमध्ये नसते. रिकाम्या जागा आधी भरा, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. माझं एवढंच, की त्या भरताना निदान एक जागा जुन्याच जाहिरातीची नक्कल करून भरू नका.

आता सोलरच्या प्लेटा. शिरोलीच्या कुठल्याही फौंड्रीत जाऊन बघा. विजेच्या इंडक्शन फर्नेसवर हीट, म्हणजे धातू वितळवायची एक पाळी, लागली की ती सूर्य मावळला म्हणून थांबत नाही. दुपारची वीज रात्रीला राखून ठेवायची तर बॅटरी आहे, नाहीतर पाणी आहे. वर एक तलाव, खाली एक तलाव. दुपारी जादा विजेवर पाणी वर चढवायचं, रात्री खाली सोडून वीज करायची. घाटघरला असा २५० मेगावॉटचा प्रकल्प चालू आहे. अशा जागा म्हणजे सह्याद्रीचा कडा, आणि कडा आपल्या दारात आहे. पण तो कडा आतून कसा आहे? बसाल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या दगडाच्या, दोन थरांमधला तो तांबडा पट्टा, जो विहीर खोदणाऱ्याला बरोब्बर माहीत असतो, तो बोगद्यात आडवा आला की कामाचं काय होतं, हे इलेक्ट्रिकलवाला सांगणार आहे का?

आणि कोयना विसरू नका. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ रिश्टरचा धक्का बसला, तोही धरण भरल्यानंतर थोड्याच वर्षांत. जमिनीखाली पाण्याचा दाब बदलला की जुन्या भेगा कशा वागतात, या प्रश्नासाठी जगभरचे लोक कोयनेकडे बघतात. त्यासाठीच कराडला भूभौतिकीची प्रयोगशाळा उभी राहिली, कोयनेजवळ तीन किलोमीटर खोल बोअर झालं, वरचा सव्वा किलोमीटर बसाल्ट संपून खालचा ग्रॅनाइटी खडक हाताशी आला. हे सगळं आपल्यापासून काही तासांवर. आणि आपली बी.एस्सी.ची पोरं कोअर, म्हणजे बोअरमधून निघणारी खडकाची कांडी, कशी असते ते पुस्तकातल्या काळ्या-पांढऱ्या चित्रात बघतात.

आता खनिजं. बॉक्साइटचं, म्हणजे ज्यातून अॅल्युमिनियम काढतात त्या खनिजाचं, मागच्या लेखात सविस्तर लिहिलंय, पुन्हा नको. फक्त एक भर. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूतल्या रियासीला ५९ लाख टन लिथियमची बातमी आली तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये पेढे वाटायचेच बाकी होते. सरकारी कागदावर त्या आकड्याच्या आधी 'अनुमानित' असा शब्द होता. तो शब्द व्हॉट्सअॅपवर येईपर्यंत गळून पडला. अनुमानित साठा आणि परवडेल असा खाणीतून काढता येणारा साठा यांत किती बोअरांचं आणि किती वर्षांचं अंतर असतं, हे पहिल्या वर्षाच्या पोराला सांगणारा मास्तर लागतो. तोही दगडवालाच.

खरा मुद्दा मात्र पुढचा आहे आणि मागच्या लेखात मी तो नीट मांडलाच नव्हता.

आपल्याकडे साखर कारखान्यांना लागून डिस्टिलऱ्या आहेत. फर्मेंटरच्या टाकीत साखरेचं इथेनॉल होतं तेव्हा जवळजवळ तेवढ्याच वजनाचा कार्बन डायऑक्साइड निघतो, एका टनामागे साधारण ०.९५ टन. धुराड्यातल्या धुरासारखा तो मिसळलेला नसतो, जवळपास शुद्ध असतो. शिवाय तो मुळात उसानं हवेतून ओढलेला. तो जमिनीत कायमचा गाडता आला तर हवेतला कार्बन वजा होतो, नुसता वाढायचा थांबत नाही. गाडायचा कशात? बसाल्टमध्ये. आइसलंडमध्ये २०१२ साली हा वायू पाण्यात विरघळवून बसाल्टमध्ये सोडला, तर २०१६ मध्ये छापलेल्या निष्कर्षाप्रमाणे ९५ टक्क्यांहून जास्त वायूचा दोन वर्षांच्या आत दगड झाला. बसाल्टमधलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह त्याला धरून ठेवतं. अमेरिकेत वॉलुला इथंही २०१३ साली सुमारे हजार टनांचा प्रयोग झाला. आपल्या पायाखाली पाच लाख चौरस किलोमीटर बसाल्ट पसरलाय, आणि त्यावर ऊस उभा आहे.

इथपर्यंत ऐकलं की माणसाला वाटतं, झालं, उद्या पाइप टाका. मलाही वाटलं होतं.

गेल्या हिवाळ्यात टीवायच्या, म्हणजे बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाच्या, मुलांना घेऊन टोपच्या बाजूला एका बंद खाणीत गेलो होतो. भिंतीत लाव्ह्याचे दोन प्रवाह स्पष्ट दिसत होते: खाली काळा घट्ट पाषाण, वर मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांचा बसाल्ट, मध्ये वीतभर तांबडं. मी मांजऱ्याचा तुकडा फोडून आइसलंडची गोष्ट रंगवून सांगितली. ही बघा भोकं, लाव्ह्यातले बुडबुडे, यांतच तो वायू जाणार. एक मुलगी, कारखान्यावर वजनकाट्याचं काम करणाऱ्याची, तुकडा हातात घेऊन उन्हात फिरवत होती. बाटलीतलं पाणी तिनं त्यावर ओतलं. पाणी जिरलं नाही, ओघळून मनगटावरून कोपरापर्यंत गेलं. ती म्हणाली, "सर, भोकं तर भरलेलीत की. मग गॅस जाणार कुठं?"

भरलेलीच होती. कुठं झिओलाइट नावाचं पांढरं खनिज, कुठं हिरवट माती. आइसलंडचा तो बसाल्ट वयानं अगदी कोवळा. आपला सहा कोटी साठ लाख वर्षांचा. इतक्या काळात गरम पाण्यानं त्यातल्या पोकळ्या बुजवून टाकल्या आहेत. किती बुजल्या, किती खोलीवर उघड्या आहेत, कोणत्या प्रवाहाच्या माथ्याशी पाणी अजून वाहतं, हे गावोगाव वेगळं. शिवाय आइसलंडच्या पद्धतीनं एक टन वायूला पंचवीसएक टन पाणी लागतं. डोंगरातल्या वाड्यांवर एप्रिलमध्ये बायका हंडे घेऊन उतरतात, तिथं ते पाणी कुठून आणायचं?

त्या मुलीला मी काय उत्तर दिलं? "बघू." माझं शिक्षण जीवाश्म आणि स्फटिकांच्या काळातलं आहे. खडकातून वायू आणि पाणी कसं सरकतं याचं गणित मला येत नाही, आता या वयात यायचंही नाही. ज्याला येतं तो माणूस आज तिशी-बत्तिशीचा आहे, पीएच.डी. संपवून कुठंतरी पोस्ट-डॉक, म्हणजे मुदतीचं संशोधन, करतोय आणि जाहिरातींकडे डोळे लावून बसलाय. म्हणून ज्युनिअर. मोठं नाव आणाल तर तो चार वर्षांनी निवृत्त होईल, त्यातली दोन समित्यांवर जातील. बोअरचा एक प्रस्ताव, परवानग्या, कोअर, प्रयोगशाळा, पहिली एम.एस्सी.ची तुकडी, हे दहा वर्षांचं काम आहे. फक्त त्याच्यावर पहिल्याच दिवसापासून आठवड्याचे सोळा तास, नॅकच्या, म्हणजे कॉलेजाच्या मूल्यांकनाच्या, फायली आणि सांस्कृतिक विभाग टाकू नका, एवढी दया करा.

राहिला तुमचा टोमणा, माणूस ठरलेला असतो. मी दोनदा असा न ठरलेला माणूस होतो. दुसऱ्या वेळी मुलाखत चार मिनिटं चालली, त्यात एक मिनिट चहा आला. तेव्हा नाही म्हणत नाही. पण यूजीसीचा २०१८ चा विद्यापीठांसाठीचा गुणांचा तक्ता बघा: पीएच.डी.ला ३०, शोधनिबंधांना जास्तीत जास्त १०, अनुभवाला १०. त्या नियमांप्रमाणे हे गुण फक्त मुलाखतीच्या दारापर्यंत नेतात, निवड शेवटी मुलाखतीवर. आणि आमच्या विषयात मुलाखत दगडाशिवाय होते, हा विनोद फक्त आम्हालाच कळतो.

माझी सूचना साधी आहे. टेबलावर मांजऱ्याचा तुकडा ठेवा, शेजारी पाण्याची बाटली. टीवायची चार पोरं मागच्या बाकावर बसू द्या आणि उमेदवाराला त्यांना मराठीतून सांगायला लावा, की यात वायू जाईल का. पोरांसमोर दहा मिनिटं बोलल्यावर वशिल्याचा माणूस लपत नाही. निवड त्याचीच झाली तरी निदान चार पोरांना ते माहीत असतं. 'नक्की जाईल' म्हणणाऱ्याला मी तरी घेणार नाही. 'कुठल्या खोलीवरचा तुकडा आहे?' असं विचारेल त्याच्याशी पुढं बोलेन.

आणि एक माफी. मूळ लेखात मी 'नवीन माणूस कमी खर्चात मिळतो' असं लिहिलं होतं. तुम्हाला ते झोंबलं, झोंबायलाच हवं होतं. याच वाक्यावर आजवर तुम्हाला आणि मला राबवलं गेलं. ते आज सकाळी काढून टाकलंय, आणि काढलंय अशी नोंद लेखाखाली ठेवली आहे.